खळ्यावरची ज्वारी आणि केशरी शिधापत्रिका

पांझरा नदीच्या उत्तर काठावरचे देवपूर हा आज धुळे शहराचाच एक भाग असला, तरी त्याचे वेगळेपण जुने आहे. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला प्रांताचे ठाणे केले आणि नवी पेठ आखली ती नदीच्या दक्षिणेस; कचेऱ्या आणि बाजार त्याच अंगाला वाढले, आणि १८८० च्या खान्देश गॅझेटिअरातही जुने धुळे, नवे धुळे व मोगलाई यांच्या बरोबरीने देवपूर हा शहराचा निराळा भाग म्हणून येतो. एकवीरा देवीचे देऊळ, जुना आग्रा रस्ता आणि नंतरच्या काळात आलेली महाविद्यालये व नोकरदारांच्या वसाहती ही या भागाची ओळख. औषधोपचाराच्या खर्चाची तरतूद समाजाने कशी केली आणि त्या तरतुदीत कोणाचे नाव आले, कोणाचे राहिले, हा प्रश्न खान्देशापुरता तपासायचा झाल्यास देवपूर हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे, कारण गिरणी कामगार, यंत्रमागावरचे मजूर, पगारदार शिक्षक आणि साक्री-शिरपूरकडून उपचारासाठी येणारे आदिवासी हे सारे याच शहरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आढळतात आणि त्या प्रत्येकाचा विम्याशी आलेला संबंध वेगळ्या वाटेने आलेला आहे.

सामुदायिक आरोग्य विमा म्हणजे एखाद्या गावाने, व्यवसायगटाने किंवा संस्थेच्या सभासदांनी आजारपण येण्याआधीच ठरावीक वर्गणी एकत्र करून, ज्याच्यावर आजारपण येईल त्याचा खर्च त्या सामाईक निधीतून भागवण्याची व्यवस्था होय. तिचा पाया नावनोंदणी हा आहे. निरोगी माणसे बाहेर राहिली आणि केवळ आजारी वा आजाराची चाहूल लागलेली माणसेच आत आली, तर निधी वर्षभरही टिकत नाही. या धोक्याला विमाशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. त्यामुळे लोक योजनेत का येतात आणि का येत नाहीत, हा प्रश्न योजनेच्या जिवाचाच असतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा उत्पन्न, शिक्षण आणि जाणीव या तीन शब्दांत दिले जाते, आणि ते चूक नसले तरी फार तोकडे आहे. महाराष्ट्रातील गेल्या शंभर वर्षांचा अनुभव पाहता वर्गणी कोणत्या महिन्यात मागितली, कोणी मागितली आणि नाव कोणत्या कागदावर लिहिले, या गोष्टींनी नोंदणीचे भवितव्य अधिक ठरवलेले दिसते.

आगाऊ वर्गणीची कल्पना खेड्याला परकी नव्हती. बलुतेदारीत सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांना कामागणिक मोल न देता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा दिला जाई आणि त्या बदल्यात वर्षभर लागेल तेव्हा काम करून घेण्याचा कुणब्याचा हक्क राही. वैद्य हा काही बारा बलुतेदारांतला नव्हे. परंतु तुंबड्या लावणे, जळवा लावणे, गळू फोडणे ही कामे न्हाव्याकडे असत आणि रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावल्याची म्हण त्याचीच साक्ष देते. बलुत्याला विमा म्हणणे अर्थातच ताणून धरल्यासारखे होईल, कारण त्यात जातीची सक्ती होती, बलुतेदाराला नकाराचा अधिकार नव्हता आणि ज्यांच्याकडे खळेच नव्हते त्यांना त्यात धान्य देणारे म्हणून स्थानही नव्हते. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. देणे धान्य हाती असतानाच दिले जाई आणि ते सर्वांच्या देखत दिले जाई.

कायद्याने चालणारा आरोग्य विमा या भागात आला तो शेतातून नव्हे, गिरणीतून. १८७० च्या दशकात जळगावला खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली, विसाव्या शतकाच्या आरंभी प्रताप शेटजींनी अमळनेरला प्रताप मिल काढली आणि पुढे धुळ्यातही न्यू प्रताप मिल चालू झाली. कामावर अपघात झाल्यास भरपाई देणारा कायदा १९२३ चा आणि मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ चा, परंतु साध्या आजारपणाने खाडे पडले तर मजुराला काहीच आधार नव्हता. १९४३ मध्ये सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

या योजनेत, म्हणजे कामगारांच्या बोलीतल्या ईएसआयमध्ये, नावनोंदणीचा प्रश्नच उद्भवत नसे. वर्गणी पगारातून कापली जाई, मालकाचा हिस्सा वेगळा भरला जाई आणि निरोगी कामगाराला बाहेर राहण्याची मुभा नसल्यामुळे प्रतिकूल निवडीला वाव उरत नसे. मात्र सक्तीची हीच भिंत दुसऱ्या बाजूने आड येई. विजेवर चालणारा आणि वीस किंवा अधिक कामगारांचा कारखाना एवढीच तिची मूळ व्याप्ती होती आणि पगाराची मर्यादा महिना ४०० रुपये होती. धुळ्यातील यंत्रमाग घराघरांत आणि लहानलहान शेडांमध्ये विखुरलेले; तेथे ताणा भरणारा मजूर किंवा कांड्या भरणारी स्त्री त्याच कापसाचे कापड करीत असूनही कायद्याच्या दृष्टीने कामगारच ठरत नसे. पुढे खान्देशातल्या कापडगिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा हजेरीपटावरून नाव गेले आणि त्याबरोबर विमाही गेला. नोकरीशी बांधलेली नोंदणी नोकरीइतकीच टिकते, हे गिरणगावांना पुस्तकाबाहेर समजले.

शेतकरी आणि शेतमजूर यांच्यासाठी स्वेच्छेचा विमा उभा राहू शकतो काय, याचे सर्वांत गंभीर उत्तर महाराष्ट्रात शोधले गेले ते वर्धा जिल्ह्यात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतले, आणि डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले आणि त्यातून जी योजना आकाराला आली ती ज्वारीची आरोग्य विमा योजना म्हणून ओळखली जाते. सुगी झाल्यावर घरोघरची ज्वारी गोळा होई. भूमिहीन मजुराने कमी द्यायची आणि जमीनदाराने जमिनीच्या प्रमाणात अधिक, पण उपचार मात्र दोघांना सारखेच, असा तिचा नियम होता. गोळा झालेल्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि औषधे भागत, आणि सभासदाला अनपेक्षित आजारात सेवाग्रामला भरती केल्यास खर्च पडत नसे. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधी कल्पना असणाऱ्या बाबतींत बिलाचा चौथा हिस्सा घेतला जाई.

या योजनेचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग तिची प्रवेशाची अट हा होता. एकट्यादुकट्या कुटुंबाला तिच्यात घेतले जात नसे. ग्रामसभेत चर्चा होऊन गावातील सुमारे ७५ टक्के कुटुंबे तयार झाली तरच ते गाव योजनेत येई. ही अट एकाच वेळी दोन कामे करी. आजारी माणसांनीच तेवढे आत शिरण्याचा धोका तिने टळत असे, आणि त्याचबरोबर आत यावे की नाही हा निर्णय नवरा-बायकोच्या रात्रीच्या हिशेबातून निघून चावडीवर येई, जेथे शेजाऱ्याने दिले म्हणून आपणही देणे हे लाजेचे नसून रीतीचे असते. शिवाय रोख रकमेपेक्षा धान्य देणे गरीब घराला हलके जाते, ही बाब अर्थशास्त्राच्या चौकटीत सहसा बसत नाही. दिवाळीनंतर कोठीत ज्वारी असते, पण गाठीला पैसा असेलच असे नाही; तीच वर्गणी आषाढात मागितली तर बियाण्याच्या उधारीपुढे ती कोणाच्याही ध्यानात राहत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, वर्षभर आजारी न पडलेल्या घरालाही आपली ज्वारी बुडाली असे वाटत नसे, कारण आरोग्यसेवक दारात येत होता आणि त्याचे मानधन त्याच ज्वारीतून जात होते.

याउलट मराठी बोलीत विमा म्हटले की डोळ्यांपुढे येते ते १९५६ मध्ये स्थापन झालेले आयुर्विमा महामंडळ, आणि त्या विम्याची ठेवण बचतीची आहे. हप्ते भरावेत आणि मुदत पुरी झाली की रक्कम परत यावी, ही त्याविषयीची सर्वसाधारण समजूत. आरोग्य विम्यात आजार न झाल्यास काहीच परत येत नाही, हे अशा श्रोत्याला सांगणे म्हणजे पैसे बुडणार आहेत असे प्रामाणिकपणे सांगण्यासारखे होते. १९९६ ची जन आरोग्य विमा पॉलिसी वर्षाला ७० रुपयांत ५,००० रुपयांचे संरक्षण देत होती, आणि २००३ ची सार्वत्रिक आरोग्य विमा योजना एका व्यक्तीला दिवसाला एक रुपया या हिशेबाने ३६५ रुपयांत, पाच जणांच्या कुटुंबाला ५४८ रुपयांत ३०,००० रुपयांपर्यंतचा खर्च देऊ करीत होती. परंतु या योजना खेड्यांत रुजल्या नाहीत. दिवसाला एक रुपया ही जाहिरातीची भाषा होती. मजुराला तो रुपया रोज द्यायचा नव्हता, तर सगळा एकदम द्यायचा होता, तोही अनोळखी कंपनीला, आणि आजारपणात आधी बिल भरून मग कागद जोडून खर्च परत मागायचा होता.

ओळखीच्या संस्थेमार्फत वर्गणी मागितली की चित्र कसे पालटते, याचे शेजारचे उदाहरण कर्नाटकातील यशस्विनी योजनेचे आहे. २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांकडून माणशी वर्षाला ६० रुपये घेऊन ती सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक तिच्यात आले. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने कर्ज घेणाऱ्या कष्टकरी स्त्रियांच्या गटांतून परस्पर आरोग्य निधी उभा केला, तेथेही वर्गणी गोळा करणारी बाई वस्तीतलीच होती. या दोन्ही ठिकाणी नवे काही पटवून देण्याऐवजी आधीपासून असलेल्या विश्वासावर स्वार होण्याचे शहाणपण दिसते.

मग सहकारी संस्था, दूध संघ, पतपेढ्या आणि भिशी यांची जुनी परंपरा असलेल्या खान्देशात तोच मार्ग का रुळला नाही, हा प्रश्न साहजिक आहे. दादर ज्वारी येथेही पिकते आणि कळणाच्या भाकरीचा हा मुलूख. परंतु कापूस आणि जळगावकडे केळी यांनी शेताचा हिशेब कधीच रोखीत नेला होता. रोख पीक म्हणजे रोख हाती असणे नव्हे. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीत पैसे हप्त्याहप्त्याने येत आणि त्यांतूनच सोसायटीचे कर्ज वळते होई. खळ्यावर जसा सर्वांच्या हाती एकाच आठवड्यात माल असे, तसा पैसा एकाच वेळी कोणाच्याच हाती नसे. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचे साल तर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खान्देशातल्या आखाजीला, संपते आणि नव्या धन्याकडे सुरू होते. साल ठरताना घेतलेली उचल पोटात गेली की पुढचे कित्येक महिने त्याच्याकडून दहा रुपयांचीही वर्गणी निघत नाही. साक्री आणि नंदुरबारकडचे आदिवासी दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात आणि उन्हाळ्यात परततात, त्यामुळे सुगीनंतरची ग्रामसभा ज्या महिन्यांत भरवावी त्याच महिन्यांत निम्मे गाव कुलूपबंद असते. त्यात २००० नंतरच्या दशकात या भागातील अनेक पतपेढ्यांमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले आणि वर्गणी गोळा करायला येणारा ओळखीचा माणूस हीच संशयाची गोष्ट झाली. सेवाग्रामसारखे, गावांशी वर्गणीचे नाते जोडू पाहणारे शिक्षण-रुग्णालयही येथे नव्हते. धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि ते सरकारी, म्हणजे जेथे उपचार नाममात्र दरात मिळावेत अशीच अपेक्षा असे. जेथे सरकारी खाट मोकळी आहे तेथे खाटेसाठी आगाऊ पैसे का भरावेत, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

शासनाने पुढे हा गुंता सोडवण्याऐवजी कापून टाकला. १९९७ च्या जीवनदायी आरोग्य योजनेत दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांपुरती मदत मिळे. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने कुटुंबाकडून केवळ ३० रुपये नोंदणीशुल्क घेऊन पाच जणांना ३०,००० रुपयांचे संरक्षण देणारे स्मार्ट कार्ड काढले, पण त्यासाठीही यादीत नाव असणे, ठरल्या दिवशी केंद्रावर हजर राहणे, अंगठा उमटणे आणि दरवर्षी हे सारे पुन्हा करणे भाग होते. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर व उपनगर यांच्यासह धुळे हा त्या पहिल्या आठांतला एक जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, आणि मूत्रपिंडरोपणासाठी अडीच लाखांचे, विनारोकड उपचार तिच्यात होते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता शासन विमा कंपनीला देत असे.

कुटुंबाने काहीच भरायचे नव्हते, म्हणून काही ठरवायचेही उरले नाही. नाव कोठे नोंदले आहे याचे उत्तर शिधापत्रिकेने दिले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या: वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिकाला पांढरी. धान्य वाटपासाठी केलेला हा भेद तेरा वर्षांनी शस्त्रक्रियेचा दरवाजा ठरला, आणि राज्यातील सुमारे सव्वादोन कोटी कुटुंबे एका शासन निर्णयाने विमाधारक झाली. त्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होते, हा निराळा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातील एखादी तरी व्यक्ती आरोग्य विम्यात आहे असे सांगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ४१ टक्के होते आणि महाराष्ट्र त्या सरासरीच्या बराच खाली होता, जरी पिवळ्या व केशरी पत्रिका बहुसंख्य घरांत होत्या. सेवाग्रामच्या गावात ज्वारी मोजून देणाऱ्या माणसाला आपण आत आहोत हे विसरणे शक्य नव्हते. येथे माणूस आत असूनही बाहेर असल्यासारखा सावकाराकडे जात होता.

परिणामी योजनेत येणे आणि योजना वापरणे या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या, आणि नोंदणीचे जुने सारे अडसर वापराच्या पायरीवर येऊन बसले. अंगीकृत रुग्णालये, म्हणजे योजनेशी करार झालेली रुग्णालये, मुख्यतः शहरांत होती; त्यांनी गावोगाव शिबिरे घेऊन रुग्ण शोधावेत अशी तरतूद होती, आणि प्रत्येक रुग्णालयात कागद पाहणारा, वाट दाखवणारा आरोग्यमित्र नेमला होता. दुर्गम पाड्यावरच्या रुग्णाला हा आरोग्यमित्र भेटतो तो धुळ्याला पोचल्यावर, म्हणजे खरी अडचण ओलांडून झाल्यावर. नंदुरबारचा रुग्ण जवळचे म्हणून सुरतेला गेला तर राज्याची योजना सीमेवरच थांबत असे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने देशात कोठेही उपचाराची सोय केली, परंतु तिचे लाभार्थी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील याद्यांवरून ठरले होते आणि महाराष्ट्रात अशी कुटुंबे सुमारे ८४ लाखच होती. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. एका गल्लीतील केशरी पत्रिकेच्या दोन घरांपैकी केंद्राच्या यादीतल्या एकाला पाच लाखांचे संरक्षण आणि दुसऱ्याला दीड लाखांचे, असे का, हे सांगताना कार्यकर्त्यांचीही तारांबळ उडे.

देवपूरच्या पांढऱ्या पत्रिका या साऱ्यातून बाहेर होत्या. शासकीय सेवेतील शिक्षकाला वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची सोय असते, पण विनाअनुदानित संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवणारा किंवा एक लाखाच्या रेषेवरून जेमतेम वर गेलेला दुकानदार यांना ना प्रतिपूर्ती होती ना योजना. १९९९ ची ती रेषा तिथेच उभी राहिली आणि महागाईने घरेच तिच्यावरून उचलून पलीकडे ठेवली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व रंगांच्या पत्रिकाधारकांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. रंगाचा भेद त्यामुळे मिटला, पत्रिकेवरचे नाव मात्र तितकेच निर्णायक राहिले, किंबहुना योजनेच्या आयुष्मान कार्डासाठी आधारशी जुळणी करावी लागू लागल्यावर अधिकच. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी केल्याचा दाखला सासरी दिल्यावर तेथील पत्रिकेत चढते, आणि या दोन नोंदींच्या मधले महिने ती कोणत्याच पत्रिकेवर नसते. खान्देशात सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते, पहिले बाळंतपणही बहुधा माहेरीच होते, आणि नाव कोणत्या घरात आहे हा प्रश्न तिला प्रथम विचारला जातो तो अनेकदा रुग्णालयाच्या खिडकीवर.